शिळाईच्या पायऱ्यांवरची हाक

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका. मला ज्यांनी सांगितली, त्यांनाही ठाऊक नव्हतं. एका गावात एक कासारीण राहत होती. तिचं नाव भिवरा. तिचा नवरा आणि मुलगा दूरदूरच्या बाजारांना बैल घेऊन जायचे, आणि ही काखेत बांगड्यांची पेटी मारून गावातल्या दारोदार फिरायची.

भिवरा बोलकी होती. बोलकी म्हणजे किती? सकाळी उंबरठ्याबाहेर पडताना सुरू झालेलं वाक्य तिन्हीसांजेला घरात शिरताना संपायचं. पण त्यात तिचा दोष नव्हता, तिचा धंदाच तसा. बांगडी भरायची म्हणजे नुसती हातात कोंबायची नसते. बाईनं हात आखडला की काच तडकते आणि मनगटाला लागतं. म्हणून तिला बोलण्यात गुंतवायचं, माहेरची चौकशी करायची, सासूची थोडी चेष्टा करायची. बाई हसली की हात सैल पडतो आणि बांगडी सरकन वर चढते. भिवराच्या हातून कधी कुणाला खरचटलं नव्हतं. पंचक्रोशीतल्या नव्या नवऱ्या चुडा भरायला तिचीच वाट बघायच्या.

अशा या भिवराला एक नात होती, सगुणा. लाडानं सगू. सगू चार वर्षांची झाली, पण तोंडातून एक शब्द नाही. ऐकायला सगळं यायचं. मोर ओरडला की मान वळवायची, हाक मारली की धावत यायची, हसायची तर अशी की बघणाऱ्याचं पोट भरावं. पण बोलायचं म्हटलं की ओठ मिटलेले. वैद्यानं वेखंड मधात उगाळून जिभेला लावलं, मांत्रिकानं अंगारा लावला, शेजारणीनं पोपटाचं उष्टं डाळिंब आणून चारलं. पोरीनं डाळिंब मिटक्या मारत खाल्लं आणि बोलली मात्र काही नाही.

गाव काय गप्प बसतंय? विहिरीवर एकीनं थट्टा केली, “आजीनं घरातले सगळे शब्द वापरून टाकले, नातीच्या वाटणीला उरलेच नाहीत!” सगळ्या हसल्या. भिवराही हसली. पण घागर घेऊन घरी येईपर्यंत तेच तिच्या मनात घोळत राहिलं. खरंच तसं असलं तर?

त्याच दुपारी तिची सून येसू जात्यावर दळत होती. दळता दळता थांबली आणि म्हणाली, “आत्याबाई, माझ्याबरोबरीच्या बायकांची पोरं ‘आई, आई’ करून त्यांचा जीव खातात. त्या वैतागतात. मला वाटतं, आपल्यालाही असं एकदा वैतागायला मिळावं.” एवढं बोलून तिनं पुन्हा दळायला सुरुवात केली. 

भिवरा उठली आणि अंगणात जाऊन उत्तरेच्या डोंगराकडे बघत उभी राहिली. त्या डोंगरावर शिळाईचं देऊळ होतं.

देऊळ फार जुनं. काळ्या दगडाचं, चुन्याचा एक थेंब नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला. खांबांवरच्या हत्तींच्या सोंडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. लोक म्हणायचे, पांडवांनी एका रात्रीत बांधलं. आपल्याकडे जुनं देऊळ दिसलं की ते पांडवांनीच बांधलेलं असतं. बिचाऱ्यांना वनवासात दुसरं काहीच काम नव्हतं! ते असो. त्या देवळाची खरी ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे, माघ महिन्यात एका ठरलेल्या दिवशी मावळतीचं ऊन कमानीतून थेट गाभाऱ्यात शिरायचं आणि घटकाभर देवीच्या अंगावर थांबायचं. त्या घटकेत मागितलेलं देवी देते अशी श्रद्धा होती. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिथलं मौन.

डोंगराच्या पायथ्याशी दगडाचं कासव होतं. त्याच्या पाठीला हात लावायचा आणि तिथून तोंड मिटायचं. तीनशे पायऱ्या चढून देवीपुढे दिवा लावेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर मागे फिरायचं, खाली जाऊन कासवाला पुन्हा हात लावायचा आणि नव्यानं चढायचं. शिवाय ओळ मोडून कुणी पुढे जायचं नाही, नाहीतर पाळी गेली. असा तो नियम, आणि लोक तो जिवापाड पाळायचे.

भिवराच्या मनानं घेतलं, आपण जायचं. आयुष्यभर बोलतच आलोय, एक दिवस बोलणं देवीला वाहू. मग ती पोरीला देईल.

येसूनं वाटेत खायला दशमी बांधून दिली. गावातली पाटलीणबाईही निघाली होती. तिच्या मुलाला मनाजोगती मुलगी सांगून येत नव्हती, तेवढं तिला देवीकडे मागायचं होतं. भिवरा सगूला घेऊन चढणार आणि तीही मुक्यानं, हे कळल्यावर पाटलीणबाई हसली. “भिवरे, तीनशे पायऱ्या? तुला तीनशे श्वास तरी जमतील का गप्प राहायला?”

“जमवीन हो पाटलीणबाई,” भिवरा म्हणाली. “पोरीसाठी जमवीन.”

माघातल्या त्या ठरलेल्या दिवशी पायथ्याला ही गर्दी! भिवरानं कासवाला हात लावला, सगूचाही हात लावला, ओठ आवळले आणि चढायला लागली. पन्नास पायऱ्या झाल्या, शंभर झाल्या. भिवराला स्वतःचंच नवल वाटलं. एवढ्यात वरून दर्शन करून उतरणारी एक तरुण बाई समोर आली. तिच्या हातात दोन मापं मोठ्या बांगड्या होत्या, पार कोपरापर्यंत घसरत होत्या. कासारणीचा जीव तो! भिवरा पुटपुटली, “अगं बाई, हे माप तुला कुणी दिलं?”

कुणी ऐकलं नाही. ती बाईसुद्धा तशीच उतरून गेली. पण भिवरानं स्वतः ऐकलं होतं. तिनं कपाळावर हात मारला, सगूचं बोट धरलं आणि शंभर पायऱ्या उतरून खाली आली. देवीला फसवायला ती निघाली नव्हती.

दुसऱ्या खेपेला ती दोनशे पायऱ्या चढली. सगू दमली म्हणून तिला कडेवर घेतली. तेवढ्यात कडेच्या आंब्यावरून एक हुप्या उतरला, तिच्या पिशवीतला नारळ उचलला आणि समोरच्या कठड्यावर बसून शेंडी सोलायला लागला. आता मला सांगा, यावर कोण गप्प बसेल? “अरे मुडद्या!” भिवरा कडाडली. “देवीचा नारळ आहे तो! तुझ्या शेपटीला आग लागो, ठेव खाली!” अख्ख्या डोंगरानं ऐकलं. वानरानं नारळ काही सोडला नाही, आणि पायरीवरचे लोक तोंडाला पदर नि उपरणी लावून हसू दाबायला लागले. पाटलीणबाई तर हसू आवरता आवरता लाल झाली. भिवरा पुन्हा खाली आली.

ऊन कलायला लागलं होतं. पाय भरून आले होते. एवढ्या गर्दीत तिसऱ्या खेपेनंतर चौथीला वेळ उरणार नव्हता. आज नाही तर पुढच्या माघापर्यंत नाही, आणि तोवर सगू पाच वर्षांची होणार. भिवरानं पदराचं टोक दातांत घट्ट धरलं, सगूला कडेवर मारली आणि चढायला सुरुवात केली. या खेपेला तिनं मान वर केलीच नाही. कुणाच्या हातात बांगड्या कुठल्या, वानर कुठं बसलंय, काही बघितलं नाही. पायरी तेवढी बघायची आणि पाय टाकायचा.

अडीचशे झाल्या. दोनशे ऐंशी झाल्या. आता ओळ मुंगीच्या चालीनं सरकत होती, कारण वरच्या कमानीतून एकेकालाच आत सोडत होते. कमानीपासून पंधरा पायऱ्या खाली भिवरा थांबली. तिच्या पुढे सात-आठ माणसं होती, त्यांत पाटलीणबाईही होती. पायांच्या दुखण्यानं ती वाटेत बराच वेळ बसून राहिली होती. कमानीच्या बाजूला एक काठीवाला बसला होता. कुणी बोललं की त्यानं काठी आपटायची आणि खालची वाट दाखवायची, एवढंच त्याचं काम. तो इमानी माणूस होता. त्याचं सगळं लक्ष लोकांच्या ओठांकडे होतं.

कमानीत त्या वेळी एका परगावच्या म्हाताऱ्याची पाळी होती. पहिल्यांदाच आलेला, भाविक माणूस. घरून आणलेलं पितळी धुपाटणं त्यानं खाली ठेवलं, मडक्यात जपून आणलेले निखारे त्यात घातले, त्यावर उदाची मूठ टाकली आणि डोळे मिटून दोन्ही हातांनी धुपाटणं कमानीसमोर ओवाळायला लागला.

आणि भिवराची मान वर गेली.

कमानीच्या बरोबर वर, दगडाच्या वळचणीला, आग्यामोहोळ लोंबत होतं. दोन सुपांएवढं मोठं. इथल्या माणसाला माहीत असतं, तिथं धूर करायचा नाही. त्या म्हाताऱ्याला कुठून माहीत असणार? धुराची पहिली रेघ वर गेली आणि मोहोळावरून एक काळी लाट सळसळत गेली. मग दुसरी गेली.

भिवराच्या माहेरी एकदा आग्यामोहोळ उठलं होतं. दावणीला बांधलेली बैलजोडी जागच्या जागी मेली होती आणि सोडवायला गेलेला चुलता महिनाभर अंथरुणावर होता. तिला क्षणात सगळं दिसलं. म्हातारा कमानीत, कमानीलगतच्या ओटीवर दम खात बसलेल्या दोन थकलेल्या बाया, आणि खाली तीनशे पायऱ्यांवर खेटून उभी असलेली माणसं. पळायला जागा म्हणून नाही.

तिनं आजूबाजूला बघितलं. मोहोळ सगळ्यांना दिसलं होतं! पुढचा एक गडी हातवारे करत होता, पण म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले. दुसऱ्यानं टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याला वाटलं, आरतीला साथ मिळाली. तो जास्तच रंगून धुपाटणं ओवाळायला लागला. मग आणखी दोघांनी टाळ्या वाजवल्या, तर तो डोलायलाच लागला. वर धावत जाऊन त्याचा हात धरता आला असता, पण ओळ मोडली तर पाळी जाणार. पाटलीणबाईनं ओठ असे आवळले होते की ते पांढरे पडले होते. प्रत्येकाच्या तोंडात हाक आली होती आणि प्रत्येक जण बघत होता, दुसरा कुणी मारतोय का.

भिवरानंही हाक गिळली. खोटं कशाला सांगू? एकदा गिळलीच. कडेवर सगू होती. पंधरा पायऱ्या. फक्त पंधरा पायऱ्या, एक दिवा, आणि पोर बोलणार होती. पदराखाली पोरीला झाकून हळूच मागे सरकता आलं असतं.

तिसरी लाट मोहोळावरून गेली आणि पाच-सहा माश्या सुटून म्हाताऱ्याच्या पागोट्याभोवती भिरभिरायला लागल्या.

भिवराच्या दातांतला पदर सुटला. “अहो बाबा! वर बघा! वर बघा, मोहोळ आहे! धूर झाका!”

म्हाताऱ्यानं डोळे उघडले, वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण माणूस जुना, शहाणा. तो ओरडला नाही, पळाला नाही. त्यानं जवळचा पाण्याचा तांब्या धुपाटण्यात उपडा केला, वर खांद्यावरची घोंगडी टाकली आणि हळूहळू खाली बसला. सगळी ओळ श्वास रोखून बघत राहिली. मोहोळावरची सळसळ चालू राहिली, मग मंद झाली. सुटलेल्या माश्या दोन घिरट्या घालून परत जाऊन बसल्या.

हुश्श! मला तर सांगतानासुद्धा घाम फुटतो. पायऱ्यांवर सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. आणि त्याच वेळी काठी वाजली. ठक्!

काठीवाला भिवराकडे बघत होता. त्यानं बोट खाली केलं.

भिवरा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मावळतीकडे बघितलं. ऊन कमानीच्या उंबरठ्याला लागलं होतं, आता ते आत सरकणार होतं. तीनशे पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या म्हणजे अंधारच पडला असता. ती तिथंच पायरीवर बसली आणि सगूला छातीशी धरून रडायला लागली. “चुकलं गं माझं सगू,” ती म्हणाली. “तुझ्या आजीला तुझ्यासाठी एक दिवस गप्प बसता आलं नाही. पण ती माणसं मेली असती गं.” सगूनं तिचे डोळे पुसले, आणि मग मान वर करून मोहोळाकडे टक लावून बघत बसली.

लोक भिवराला हात जोडत होते. डोळ्यांत पाणी आणून जोडत होते. पण तिच्या बाजूनं बोलायला कुणी तोंड उघडेना. मौन होतं ना!

तेवढ्यात तो परगावचा म्हातारा उठला. पागोटं सारखं केलं आणि कमानीतून खाली उतरून काठीवाल्यासमोर उभा राहिला. “मीही बोललो,” तो मोठ्यानं म्हणाला. “हे बघ, बोललो. या माउलीला खाली पाठवणार असशील तर मलाही पाठव. माझा जीव हिनं राखला, आणि हिला सोडून मी देवीला काय तोंड दाखवू?”

काठीवाल्यानं काठी आपटली. ठक्!

“मीही बोलले,” मागून आवाज आला. पाटलीणबाई! “मला भिवराच्या आधी दिसलं होतं. मी ओठ दाबून उभी राहिले. मलाही पाठव खाली.”

ठक्! मग हातवारे करणारा गडी म्हणाला, “मीही बोललो.” टाळ्या वाजवणारा म्हणाला, “आणि मीही.” ओटीवरच्या दोन थकलेल्या बाया एका सुरात म्हणाल्या, “आम्हीही!” पायरीमागून पायरी शब्द खाली उतरत गेला. मीही बोललो, मीही बोलले. काठीवाला आपटून आपटून थकला. कुणाकुणाला खाली पाठवणार? अख्खा डोंगरच बोलायला लागला होता.

हा गलका ऐकून आतून धोंडजी गुरव बाहेर आला. देवळाची पूजा याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या होती. चांगला ऐंशीच्या पुढचा, कमरेत वाकलेला. “अरे, हळू!” तो दबक्या आवाजात म्हणाला. “बोला, पण हळू बोला रे बाबांनो! डोक्यावर मोहोळ आहे!”

काठीवाल्यानं त्याला झालेलं सगळं सांगितलं. सांगताना त्याचंही मौन मोडलं, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही. गुरवानं ऐकलं, ओल्या धुपाटण्याकडे बघितलं, मोहोळाकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

“हे मौन का ठेवलंय, माहीत आहे का तुम्हाला?” त्यानं विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. “देवीला शांतता आवडते म्हणून,” काठीवाला म्हणाला.

“देवीला काय करायची शांतता? दगडात राहते ती, वारा-पाऊस अंगावर घेते,” गुरव म्हणाला. “माझा आजा सांगायचा. पूर्वी इथं माणसं ढोल-हलग्या वाजवत, गुलाल उधळत, धूप जाळत यायची. एका वर्षी हे मोहोळ उठलं आणि पायऱ्यांवर बारा माणसं गेली. तेव्हा जुन्या माणसांनी ठरवलं, पायथ्यापासून तोंड मिटून, धूर न करता वर यायचं. म्हणजे मोहोळ उठणार नाही आणि माणसं जगतील. एवढंच होतं ते. पुढं लोक त्या बारा माणसांना विसरले, मौन मोहोळासाठी आहे हे विसरले, आणि नुसतं तोंड मिटणं तेवढं लक्षात ठेवलं.”

“मग तुम्ही हे कधी सांगितलं का नाही?” पाटलीणबाईनं विचारलं.

“सांगू कुणाला?” गुरव वैतागून म्हणाला. “वर येणारा मौनात, उतरणारा घाईत! सत्तर वर्षं इथं दिवा लावतोय. देवीच्या दारात मला प्रश्न विचारणारी तूच पहिली भेटलीस, बाई.”

लोक हसले, पण हळू. गुरव पायऱ्या उतरून भिवरापाशी आला. “ऊठ पोरी. माणसं मरू नयेत म्हणून हा नियम आहे, आणि आज इतक्या जणांत तो पाळलास तू एकटीनं. चल, ऊन आत शिरलंय.”

“पण मी बोलले हो, बाबा,” भिवरा म्हणाली. “देवीनं ऐकलं असेल.”

“ऐकलंच असेल,” गुरव म्हणाला. “म्हणून तर तुला न्यायला मी आलोय. चल लवकर.”

ओळीतल्या सगळ्यांनी अंग चोरून वाट दिली. भिवरा सगूला घेऊन चढायला लागली. तिला वाटत होतं, अजून कुणीतरी काठी आपटेल. पण कुणी आपटली नाही. ती कमानीतून आत गेली, थंडगार दगडावर पाऊल पडलं, आणि मनावरचं सगळं ओझं तिथंच उतरल्यासारखं झालं. एवढं हलकं तिला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. गाभाऱ्यात सोन्यासारखं ऊन पडलं होतं आणि देवीच्या पावलांपासून हळूहळू वर सरकत होतं. भिवरानं दिवा लावला, सगूला खाली उभी केली आणि हात जोडले. मागायचं काय, ते तिला त्या वेळी आठवेना. “सगळी वाचली गं आई,” एवढंच ती म्हणाली. “सगळी वाचली.”

सगू त्या उन्हाकडे बघत होती. ऊन देवीच्या गुडघ्यांवरून वर चढलं, हातांवर आलं, गळ्यातल्या माळेवर आलं, आणि देवीचा मुखवटा एकदम झळाळला. आणि सगूनं बोट वर करून, आजीनं केलं तसं, दातांतला पदर सोडल्यासारखं करून, खणखणीत आवाजात हाक मारली:

“अहो बाबा! वल बघा! वल बघा!”

गुरवाच्या हातातली पळी खाली पडली. दारात आलेला परगावचा म्हातारा खरंच वर बघायला लागला. भिवरा नातीकडे बघत राहिली, मग देवीकडे, मग पुन्हा नातीकडे. “काय म्हणालीस?” तिनं विचारलं. “पुन्हा म्हण गं माझ्या बाई.”

“वल बघा!” सगू म्हणाली, आणि सगळे बघताहेत हे आवडून आणखी चारदा म्हणाली. भिवरानं तिला उचलली, इतकी कवटाळली की पोर गुदमरली, आणि हसत हसत रडायला लागली. बाहेर शब्द गेला, “पोर बोलली!” आणि मोहोळाच्या भीतीनं सगळा डोंगर दबक्या आवाजात शिळाईचा जयजयकार करायला लागला. तसला जयजयकार त्या डोंगरानं त्याआधी कधी ऐकला नसेल.

आता हे देवीनं केलं, की आजीची काळीज फाडणारी हाक पोरीच्या मनात घुसली म्हणून झालं, ते मला विचारू नका. मी गोष्ट सांगणारा माणूस आहे. घरी गेल्यावर सगू येसूला पहिल्यांदा काय म्हणाली आणि येसूनं काय केलं, तेही सांगत नाही. ज्याच्या घरात लेकरू आहे त्याला सांगायची गरज नाही.

उतरताना पाटलीणबाई भिवराच्या शेजारी शेजारी चालत होती. मग म्हणाली, “भिवरे, माझ्या तोंडात हाक आली होती गं. का नाही मारली मी?”

“मीसुद्धा एकदा गिळलीच होती, पाटलीणबाई,” भिवरा म्हणाली. “दुसऱ्यांदा गिळवेना.”

त्या वर्षापासून शिळाईच्या डोंगरावर मौन राहिलं, पण त्याची रीत बदलली. कासवापाशी आता प्रत्येकाला मोहोळ कुठं आहे ते आधी दाखवतात, निखारे तिथंच विझवून घेतात, आणि सांगतात: गप्प चढा, पण कुणाचा जीव धोक्यात दिसला तर आधी हाक मारा, तुमची पाळी कुठं जात नाही. काठीवाला अजून कमानीपाशी बसतो. पण आता तो लोकांच्या ओठांकडे बघत नाही, वर मोहोळाकडे बघतो. आणि काही दिसलं की सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडतो.

तात्पर्य, आणि हे लहानांपेक्षा मोठ्यांनीच कान देऊन ऐकावं: नियम माणसं जगावीत म्हणून असतात. समोर कुणाचा जीव जात असताना पाळलेलं मौन देवाला पोचत नाही; वेळेवर मारलेली हाक मात्र पोचते.